पुळणीतल्या कोपेपॉडच्या नव्या जातीचे वर्णन कसे करावे

वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत राहणाऱ्या कोपेपॉड या अतिसूक्ष्म कवचधारी प्राण्याची आजवर कोणी नाव न दिलेली जाती कोकणच्या एखाद्या पुळणीत सापडणे फारसे अवघड नाही. ती खरोखरच नवी आहे हे सिद्ध करणे आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला केवळ आपल्या आकृत्या पाहून ती ओळखता येईल अशा रीतीने तिचे वर्णन लिहिणे, हे मात्र वर्ष-दोन वर्षांचे काम आहे. प्राणिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि महाविद्यालयात शिकवता शिकवता संशोधन करणारे शिक्षक यांना डोळ्यांपुढे ठेवून हे टिपण लिहिले आहे. चांगला संयुक्त सूक्ष्मदर्शक, एक स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि भरपूर सवड एवढे ज्याच्यापाशी आहे, त्याला हे काम जमण्यासारखे आहे.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत स्पीशीजला 'जाती' आणि जीनसला 'प्रजाती' म्हणतात, तर वर्तमानपत्रे स्पीशीजलाच प्रजाती म्हणून मोकळी होतात. येथे पाठ्यपुस्तकांची रीत पाळली आहे.

ज्या प्राण्यांविषयी आपण बोलत आहोत ते हार्पॅक्टिकॉइड गणातले कोपेपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांचे अतिसूक्ष्म दूरचे नातलग. वाळूत राहणाऱ्या जातींची प्रौढ मादी बहुधा पाव ते अर्धा मिलिमीटर लांब असते. शरीर दोऱ्यासारखे सडपातळ, पाय आखूड आणि डोळा बहुधा नाहीसा झालेला. कणांमधल्या फटींतून सरपटत जाण्यासाठी ही ठेवण सोयीची असते. ए. जी. निकोल्स यांनी 1935 साली स्कॉटलंडमधल्या पुळणीतल्या अशा कोपेपॉडांवर लिहिताना या फटींतल्या प्राणिसृष्टीला 'इंटरस्टिशियल' म्हटले, आणि बारीक चाळणीवर अडकणाऱ्या तळवासी प्राण्यांसाठी 'मायोबेंथॉस' हा शब्द मॉली मेअर यांनी 1942 साली आणला. हे दोन्ही शब्द साहित्य शोधताना लागतात. या कोपेपॉडांची मादी अंडी पिशवीत घालून अंगावर वागवते आणि पिल्लेही बहुतेक वेळा वाळूतच वाढतात, प्रवाहाबरोबर लांब वाहून जात नाहीत. त्यामुळे एका पुळणीतला समूह दुसऱ्या पुळणीतल्या समूहापासून सहज वेगळा पडतो आणि नव्या जाती इतक्या मुबलक असतात. पुळणीचा पुरता भरवसा कोणीच धरू नये: अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या वाळूतून पेनॅक आणि झिन यांनी 1943 साली केवळ नवी जातीच नव्हे, तर मिस्टॅकोकॅरिडा हा कवचधारींचा अख्खा नवा गण वर्णिला होता.

भारतात या प्राण्यांचे पायाभूत काम पूर्व किनाऱ्यावर झाले. कृष्णस्वामी यांनी मद्रासच्या किनाऱ्यावरून 1950 च्या दशकात अनेक जाती वर्णिल्या, त्यांतली ॲरेनोसेटेला इंडिका 1957 सालची. पुढे विशाखापट्टणममधल्या वॉल्टेअरला गणपती आणि चंद्रशेखर राव यांनी पुळणीतल्या प्राण्यांचा सविस्तर अभ्यास केला. नंतरच्या बऱ्याच कामात कोपेपॉडांची गणना 'हार्पॅक्टिकॉइड, इतके' एवढ्यावर थांबते. माझ्या मते आपल्या किनाऱ्याची खरी उणीव मोजणीची नाही, ओळखीची आहे.

नमुने गोळा करणे

ओहोटीची वेळ काढायला कोकणातला जुना ठोकताळा पुरतो: तिथीला पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणून सकाळी साडेसात-पावणेआठच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण जोरात असते आणि पाणी सर्वांत दूर जाते, त्यामुळे द्वितीयेची सकाळ कामासाठी उत्तम. नेमकी वेळ अर्थातच भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी. जून ते सप्टेंबर या काळात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि ती पावसाळा संपल्यावर हळूहळू परत येते, म्हणून नोव्हेंबर ते मे हा काळ निवडावा.

वाळू कोणती घ्यावी, हे बोटांना कळायला हवे. कणांचा मध्यम आकार साधारण 0.2 मिलिमीटरपेक्षा लहान झाला की फटी इतक्या अरुंद होतात की त्यांत राहणारे सडपातळ प्राणी जवळजवळ दिसेनासे होतात. चिखलट खाजणाच्या तोंडाशी वेगळेच, धष्टपुष्ट कोपेपॉड मिळतात. बोटांत चोळल्यावर खरखरीत लागणारी, पाणी झटकन झिरपू देणारी वाळू शोधावी. भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांच्या मधल्या पट्ट्यात तीन-चार ठिकाणी नमुने घ्यावेत, कारण चार पावलांच्या अंतरावर जाती बदलतात. टोक कापलेली 50 मिलिलिटरची सिरिंज ही सर्वांत स्वस्त नळी. ती वाळूत दाबावी, दट्ट्या ओढत राहावे आणि वाळूची कांडी अखंड बाहेर काढावी. संख्यात्मक अभ्यास नको असेल आणि केवळ प्राणी हवे असतील, तर पुळणीच्या वरच्या भागात खुरप्याने खड्डा खणून त्यात झिरपलेले पाणी मगाने उपसून बारीक जाळीतून गाळावे. या पद्धतीला कारमान आणि शाप्वी यांची नावे आहेत, आणि एका खड्ड्यातून कधी कधी सिरिंजच्या दहा कांड्यांइतके प्राणी निघतात.

जागेवरच वहीत लिहायच्या गोष्टी थोड्या, पण चुकवायच्या नाहीत: अक्षांश-रेखांश, तारीख, ओहोटीच्या रेषेपासूनचे अंतर, वाळूतली खोली, पाण्याची क्षारता आणि तापमान, गोळा करणाऱ्याचे नाव. हेच पुढे मूळ ठिकाणाचे वर्णन होते. मालवणच्या परिसरात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे आणि कासवांच्या विणीच्या पुळणींवर वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय खुरपे लावू नये.

वाळूतून प्राणी सोडवणे

जिवंत कोपेपॉड कणांना घट्ट धरून बसतात, म्हणून त्यांना आधी गुंगी द्यावी लागते. एक लिटर गोड्या पाण्यात साधारण 73 ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवले की समुद्राच्या पाण्याशी मिळतेजुळते द्रावण होते. त्यात वाळू दहा मिनिटे भिजवावी, मग बादली गोल फिरवून पाणी ढवळावे, कण खाली बसू लागताच वरचे पाणी चाळणीवर ओतावे आणि हे पाच-सहा वेळा करावे. 63 मायक्रॉनची चाळणी सर्वत्र वापरली जाते खरी, पण लेप्टास्टॅकस किंवा ॲरेनोपोन्शिया यांच्यासारखे सडपातळ प्राणी तिच्या छिद्रांतून उभे निसटतात; 45 किंवा त्याहून बारीक जाळी मिळाली तर तीच घ्यावी. धुण्यासाठी वापरायचे समुद्राचे पाणीही त्याच जाळीतून आधी गाळून घ्यावे, नाही तर पाण्यातले तरंगते कोपेपॉड वाळूतले म्हणून नोंदले जातात.

चाळणीवर राहिलेल्या गाळाचे लगेच दोन भाग करावेत. एक भाग 95 टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी. दुसरा भाग 4 टक्के फॉर्मॅल्डिहाइडमध्ये, म्हणजे बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, चिमूटभर बोरॅक्स घालून. अल्कोहोलमध्ये प्राणी ठिसूळ होतात आणि सुईखाली पाय तुटतात. फॉर्मलिनमध्ये शरीर छान राहते, पण डीएनए खराब होतो. दोन्ही बरण्या हव्यातच. फॉर्मलिनचे काम हवेशीर जागी आणि हातमोजे घालून करावे, हे वेगळे सांगायला नको.

निवड: कोणता प्राणी प्रौढ आहे

बशीत सर्वांत जास्त दिसतील ते गोलकृमी, आणि बहुतेक पुळणींत त्यांच्या पाठोपाठ हार्पॅक्टिकॉइड. शेपटीच्या टोकाला दोन शाखा आणि त्यांवर लांब केसांची जोडी दिसली की तो कोपेपॉड समजावा. बारीक तारेच्या कडीने एकेक प्राणी उचलून वेगळा ठेवावा आणि मगच गट पाडावेत.

येथे नवखा माणूस हमखास फसतो. कोपेपॉडच्या आयुष्यात सहा नॉप्लियस अवस्था, मग पाच कोपेपोडिड अवस्था आणि शेवटी प्रौढ अवस्था असते. पाचवी कोपेपोडिड अवस्था प्रौढासारखीच दिसते, पण तिच्या पायांवरचे केस आणि खंड अपुरे असतात, आणि अशा पिल्लाचे वर्णन केले तर 'नवी जाती' आपोआप तयार होते. प्रौढ मादीत जननखंड आणि त्यामागचा पहिला उदरखंड जुळून एक मोठा खंड झालेला असतो. पिल्लात ते दोन वेगळे असतात. अंड्यांची पिशवी किंवा चिकटलेली शुक्रपिशवी दिसली तर प्रश्नच मिटला. नराची पहिली शृंगिका, म्हणजे डोक्यावरची मिशी, मादीला धरण्यासाठी गुडघ्यासारखी वाकते, आणि बहुधा त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायाची आतली शाखा काहीतरी चमत्कारिक रूप घेते. जाती ओळखण्यासाठी तो बदल सोन्यासारखा असतो, म्हणून नर मिळेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी.

एकाच मादीवरून नवी जाती वर्णिण्याला नियमांची हरकत नाही. माझी आहे. निदान पाच-सहा माद्या आणि तीन-चार नर हाती असल्याशिवाय लेखणी उचलू नये, कारण एखाद्या पायावर जास्तीचा केस असणे ही त्या जातीची खूण आहे की त्या एका प्राण्याची विकृती, हे एका नमुन्यावरून कोणालाही सांगता येत नाही.

चिरफाड

सुरुवात अखंड प्राण्यापासून करावी. पोकळीच्या काचपट्टीवर लॅक्टिक आम्लाचा थेंब घेऊन त्यात प्राणी सोडावा. काही तासांत आतले मांस पारदर्शक होते आणि कवच स्वच्छ दिसू लागते. आवरणकाचेखाली तिच्याच तुकड्यांचे पाये ठेवावेत, म्हणजे प्राणी चेपत नाही, आणि वरची काच अलगद सरकवली की तो कूस बदलतो. पाठीकडून आणि बाजूने अशा दोन्ही आकृत्या चिरफाडीपूर्वीच काढून घ्याव्यात, कारण नंतर तो प्राणी उरत नाही. लांबी रोस्ट्रमपासून, म्हणजे डोक्याच्या पुढे आलेल्या टोकापासून, पुच्छशाखांच्या मागच्या कडेपर्यंत मोजावी. पुच्छशाखांवरचे केस त्यात धरू नयेत.

मग पंखा बंद करावा. हा विनोद नाही: अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्याचा पाय झुळकेसरशी गेलेला सापडत नाही, आणि पहिल्याच वर्षी माझ्या एकुलत्या एका नराचा तिसरा पाय असाच गेला होता. टंगस्टनच्या तारेला विद्युत विघटनाने टोक काढलेल्या दोन सुया सर्वोत्तम; त्या नसतील तर कीटकशास्त्राच्या दुकानातल्या 0.1 मिलिमीटरच्या बारीक टाचण्या काडीच्या टोकाला चिकटवाव्यात. ग्लिसरीन किंवा लॅक्टोफिनॉलच्या थेंबात प्राणी कुशीवर ठेवावा, एका सुईने धड हलकेच दाबून धरावे आणि दुसरीने मागून पुढे येत खंड एकेक सोडवावेत. मी प्रथम पाचव्या पायाचा खंड उदरासकट वेगळा करतो, मग चौथ्यापासून पहिल्यापर्यंत पायांच्या जोड्या, आणि शेवटी तोंडाची उपांगे: जंभपाद, दोन जंभिका, जंभ, दुसरी शृंगिका आणि पहिली शृंगिका. पायांची जोडी मधल्या पट्टीसकट निघाली तर उत्तम, कारण त्या पट्टीचा आकारही वर्णनात लागतो.

प्रत्येक जोडी वेगळ्या काचपट्टीवर, वेगळ्या आवरणकाचेखाली ठेवावी. काचपट्टीवर क्रमांक आणि आत काय आहे हे हिऱ्याच्या टोकाने कोरावे किंवा पक्क्या शाईने लिहावे. कडा पारदर्शक नेलपॉलिशने बंद कराव्यात, निदान दोन थर.

आकृती

या साऱ्या कामाचा गाभा आकृतीत आहे. शब्दांतले वर्णन चुकले तर वाचक आकृतीवरून ते दुरुस्त करून घेतो. आकृती चुकली तर दुरुस्तीला आधार उरत नाही. म्हणून तेलभिंगाखाली, 1000 पट मोठे करून, ड्रॉइंग ट्यूब, म्हणजे भिंगातली प्रतिमा आणि कागद एकाच वेळी दाखवणारी नळी, लावलेल्या सूक्ष्मदर्शकातून पेन्सिलीने आकृती काढावी. फरक-व्यतिकरण म्हणजे डीआयसीची सोय असेल तर कवचाच्या कडा आणि केसांची मुळे उठून दिसतात. ती सोय नसेल तर डायाफ्राम अर्धा मिटून बरेच साधते. शाई आजकाल संगणकावर, रेषाचित्राच्या प्रणालीतून भरतात, आणि त्यात काही वावगे नाही, फक्त पेन्सिलीच्या आकृतीत नसलेला एकही केस शाईत उगवता कामा नये. प्रत्येक आकृतीला मोजपट्टी हवी.

एक पाय जवळून पाहू. समजा, तिसऱ्या पायाची बाहेरची शाखा, म्हणजे एक्सोपॉड, तीन खंडांची आहे. पहिल्या खंडाच्या आतल्या कडेला सीटा, म्हणजे मुळाशी सांधा असलेला केस, एकही नाही. दुसऱ्या खंडाच्या आतल्या कडेला एक आहे. तिसऱ्या खंडाच्या आतल्या कडेला दोन, टोकाला दोन आणि बाहेरच्या कडेला तीन काटे आहेत. कार्ल लांग यांच्या पद्धतीने हे सारे '0.1.223' एवढ्या आकड्यांत लिहितात. पहिल्या दोन खंडांच्या बाहेरच्या काट्यांची या पद्धतीत नोंद होत नाही, म्हणून ते आकृतीत असायलाच हवेत. दुसऱ्या ते चौथ्या पायांच्या दोन्ही शाखांची अशी सूत्रे एका कोष्टकात मांडली की कोपेपॉडच्या अभ्यासकाला पहिल्या नजरेत प्रजातीचा अंदाज येतो. आकडा लिहिण्याआधी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही पायांवर केस मोजावेत. एका बाजूला केस नसेल तर तो तुटला असेल का, हे पाहावे. तुटलेल्या केसाच्या जागी मुळाची छोटी वाटोळी खाच राहते, मुळातच नसलेल्या केसाच्या जागी ती नसते. तेलभिंगाखाली ही खाच दिसेपर्यंत मायक्रोस्कोपचा बारीक स्क्रू पुढे-मागे करत राहायचे, आणि एका पायावर कधी कधी अर्धा दिवस जातो.

पुच्छशाखेवर बहुधा सात सीटा असतात आणि त्यांना पहिला ते सातवा असे रोमन आकडे ठरलेले आहेत. चौथा आणि पाचवा टोकाचे, लांब, आणि सातवा पाठीवरचा, मुळाशी सांधेदार. पुच्छशाखेची लांबी-रुंदी यांचे गुणोत्तर सडपातळ प्रजातींत जाती वेगळ्या करायला फार उपयोगी पडते. मादीचा पाचवा पाय आणि नराचा पाचवा पाय स्वतंत्र काढावेत. तोंडाच्या उपांगांचा कंटाळा येतो हे मान्य, पण ती टाळलेली जुनी वर्णने आज निरुपयोगी ठरली आहेत, हे ध्यानात ठेवावे. उपांगांची नावे हुईस आणि बॉक्सशाल यांच्या 1991 च्या ग्रंथातील परिभाषेप्रमाणे लिहावीत; आता सर्वत्र तीच चालते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळाला तर कवचावरच्या छिद्रांच्या आणि दंतुर कडांच्या नोंदी पक्क्या होतात. मिळाला नाही म्हणून थांबू नये.

तुलना

आता खरा प्रश्न: हे आधीच कोणी पाहिले आहे का? कोपेपॉडांच्या दहा हजारांहून अधिक जातींना नावे आहेत आणि हार्पॅक्टिकॉइड हा त्यांतला मोठा गण. जे. बी. जे. वेल्स यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या, जातीपर्यंत नेणाऱ्या ओळख-किल्ल्या हा सर्वांत सोयीचा दरवाजा. त्याआधीचा पाया म्हणजे लांग यांचा 1948 चा जर्मन ग्रंथ, दीड हजारांहून अधिक पानांचा. जर्मन येत नसेल तरी त्यातल्या आकृत्या आणि सूत्रे वाचता येतात. वेल्स यांच्यानंतर आलेल्या जातींसाठी कोपेपॉडांची जागतिक ऑनलाइन सूची पाहावी, तेथे प्रत्येक नावाबरोबर मूळ वर्णनाचा संदर्भ मिळतो.

किल्लीने प्रजाती गाठली की त्या प्रजातीतल्या प्रत्येक जातीचे मूळ वर्णन मिळवावे. प्रत्येक, असेच म्हणतो. 'उपलब्ध झाले नाही' हे कारण परीक्षक ऐकत नाहीत आणि त्यांचे बरोबरच आहे. मग एका मोठ्या कागदावर आडव्या ओळींत जाती आणि उभ्या रकान्यांत लक्षणे मांडून घ्यावीत: शृंगिकेच्या खंडांची संख्या, पायांची सूत्रे, पाचव्या पायाचे केस, पुच्छशाखेचे गुणोत्तर, नराच्या पायातला बदल. आपल्या प्राण्याची ओळ इतर प्रत्येक ओळीपासून निदान दोन-तीन स्थिर लक्षणांत वेगळी दिसली, तरच पुढे जावे. केवळ लांबीतल्या फरकावर नवी जाती उभी करू नये. लांबी अन्नावर आणि तापमानावर बदलते.

जुन्या भारतीय याद्यांमध्ये युरोपातल्या जातींची नावे वारंवार भेटतात. त्यांतली काही बरोबर असतील, पण समुद्रातून वाहून न जाणारा प्राणी उत्तर समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात अगदी तोच असावा, यावर सहज विश्वास ठेवू नये. अशा वेळी मूळ नमुने संग्रहालयातून पाहायला मागावेत. आपला प्राणी नवा नसून अपुऱ्या वर्णनाच्या जुन्या जातीचाच असल्याचे निघाले, तर त्या जातीचे पुनर्वर्णन लिहावे. त्याला बातमीत जागा मिळत नाही, परंतु अनेकदा ते नव्या जातीपेक्षा अधिक मोलाचे असते.

डीएनएचा आधार जोडता आला तर अवश्य जोडावा. सीओआय जनुकाचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा त्यासाठी वापरतात. 1994 पासून रुळलेले फोल्मर यांचे प्राइमर, म्हणजे तो तुकडा वाढवून घेण्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे धागे, कोपेपॉडांवर पुष्कळदा निकामी ठरतात, तेव्हा 18एस जनुकही ठेवणीत असावे. डीएनए काढल्यावर मागे राहिलेले रिकामे कवच टाकून देऊ नये, त्याचीही काचपट्टी करावी.

नाव

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. तिची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्यातल्या चार अटी आपल्याला रोज लागतात. नाव रोमन लिपीत असावे. ते नवे आहे असे लेखात स्पष्ट म्हटलेले असावे. इतर जातींपासून वेगळेपणा सांगणारे वर्णन शब्दांत असावे. आणि होलोटाइप म्हणजे नाव धारण करणारा एक नमुना ठरवून तो कोणत्या संग्रहात, कोठे ठेवला आहे किंवा ठेवणार आहोत, हे लिहिलेले असावे. चौथी अट विसरली गेली तर लेख कितीही सुंदर असो, नाव ग्राह्य ठरत नाही.

जातिनाम विशेषण असेल तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे चालवावे लागते: ॲरेनोसेटेला स्त्रीलिंगी म्हणून 'इंडिका', लेप्टास्टॅकस पुल्लिंगी म्हणून तेथे 'इंडिकस' झाले असते. गावावरून नाव देताना 'एन्सिस' हा प्रत्यय पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हीकडे चालतो, नपुंसकलिंगी प्रजातीत तो 'एन्से' होतो. पुरुषाच्या सन्मानार्थ शेवटी 'आय' हे एक अक्षर, स्त्रीच्या सन्मानार्थ 'ए-ई' ही दोन. स्वतःचेच नाव देण्यास संहितेची बंदी नाही, पण तसे कोणी करत नाही. लेख छापून येईपर्यंत नाव कोठेही उघड करू नये. परिषदेत वाटलेला सारांश संहितेच्या दृष्टीने प्रकाशन नव्हे, आणि वर्णनाविना फिरणारे नाव पुढे नुसता गोंधळ घालते.

लिखाण, नमुने आणि नोंदणी

लेखाचा क्रम रूढ आहे आणि तो मोडण्यात काही शहाणपण नाही: वर्गीकरणातले स्थान, तपासलेले नमुने, मूळ ठिकाण, निदान, मादीचे वर्णन, नराचे वर्णन, विविधता, नावाची व्युत्पत्ती, आणि चर्चा. निदान आणि वर्णन यांची गल्लत होते. निदान म्हणजे जवळच्या जातींपासून वेगळे काढणारी मोजकी लक्षणे, चार-सहा ओळींत. वर्णन म्हणजे डोक्यापासून पुच्छशाखेपर्यंत दिसलेले सर्व काही. नराचे वर्णन मादीपेक्षा जेथे तो वेगळा आहे तेवढेच लिहावे. होलोटाइपसाठी बहुतेक जण मादी निवडतात; तिची चिरफाड झाली असेल तर तिच्या सगळ्या काचपट्ट्या मिळून एकच होलोटाइप होतो, आणि त्यांची संख्या लेखात द्यावी. उरलेले अखंड नमुने पॅराटाइप म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

नमुने कपाटात ठेवून चालत नाही, आणि हा कायद्याचाही भाग आहे. जैवविविधता अधिनियम 2002 च्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती मान्यताप्राप्त भांडारसंस्थेला कळवून तिच्याकडे नमुने जमा करावे लागतात. 1916 साली स्थापन झालेली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था आणि गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या आपल्याला जवळच्या; प्राणिसर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. संग्रह क्रमांक लेख पाठवण्याआधीच मिळवावेत. परदेशातल्या जाणकाराला नमुने पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहावेत, नंतर धावपळ होते.

नियतकालिक केवळ ऑनलाइन निघत असेल तर झूबँक या अधिकृत नोंदवहीत प्रकाशनापूर्वी नोंद झालेली असणे आणि तिचा पुरावा लेखातच छापलेला असणे आवश्यक आहे. 2012 च्या दुरुस्तीने ऑनलाइन प्रकाशन ग्राह्य झाले ते याच अटीवर. प्रुफे तपासताना आधी पायांच्या सूत्रांचे कोष्टक पाहावे, कारण तेथे एक आकडा सरकला तरी वाचणाऱ्याला कळत नाही.

काचपट्ट्यांविषयी एवढे सांगून थांबतो. लॅक्टोफिनॉल आणि ग्लिसरीन कोकणच्या दमट हवेत कडांतून ओल खेचतात आणि उन्हाळ्यात आटतात, त्यामुळे नेलपॉलिशचा थर दोन-तीन वर्षांत फाटतो आणि आवरणकाचेखाली हवेचा बुडबुडा शिरतो. दरवर्षी पावसाळा सरल्यावर सगळ्या पट्ट्या आडव्या ठेवून कडा भिंगाखाली तपासाव्यात, फाटलेल्या ठिकाणी द्रवाचा बारीक थेंब सोडून नवा थर द्यावा, आणि अल्कोहोलच्या कुपीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहिलेली असावी, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.